मुरुम मोड ते नवी पेठ

मुरुमला जवळचं शहर कोणतं, या प्रश्नाचं उत्तर नकाशा एक देतो आणि एसटी स्थानक दुसरं देतं. नकाशावर पट्टी ठेवली तर सोलापूर, कलबुर्गी आणि जिल्ह्याचं ठाणं असलेलं धाराशिव ही तिन्ही शहरं मुरुमपासून जवळपास सारख्याच अंतरावर भरतात. सरळ रेषेत साठेक किलोमीटर. लातूर त्याहून थोडंच पुढे. असं असूनही लग्नाचा बस्ता बांधायचा असो, मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असो किंवा पुण्या-मुंबईची रेल्वे गाठायची असो, उमरगा तालुक्याच्या या भागात तोंडी पहिलं नाव येतं ते सोलापूरचं.

आणि सोलापूर म्हणजे तरी कोणतं? महापालिकेची हद्द आता चहूबाजूंनी लांबवर पसरली आहे. पण गावाकडून येणाऱ्या माणसाला हवं असलेलं सोलापूर लहानसंच आहे. नवी पेठ, चाटी गल्ली, टिळक चौक, मधला मारुती, सराफ कट्टा आणि आजूबाजूच्या दवाखान्यांच्या गल्ल्या. एका टोकाला उभं राहून चालायला लागलं तर सावकाश चालणारं म्हातारं माणूसही तासाभरात दुसऱ्या टोकाला पोचेल, एवढाच हा प्रदेश. या गर्दीच्या मध्यापर्यंत सार्वजनिक वाहनानं पोचायचं, काम उरकायचं आणि त्याच दिवशी घरी परतायचं, हे मुरुमसारख्या गावातल्या हजारो माणसांच्या आयुष्यातलं एक नेहमीचं गणित आहे. या गणितात मधलं अंतर सगळ्यात सोपं. अडतं ते दोन्ही टोकांना. गावाच्या टोकाला पहिले काही किलोमीटर आणि शहराच्या टोकाला शेवटचा एक. रस्ते रुंद करताना आणि स्थानकं हलवताना नेमक्या याच दोन टोकांचा विचार सगळ्यात कमी होतो.

मुरुमची जागा समजून घेतली तर पहिलं टोक कळतं. पुणे–सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५, ज्याला जुनी माणसं अजूनही नऊ नंबरचा रोड म्हणतात, गावाच्या उत्तरेकडून जातो. गाव महामार्गावर नाही, आत आहे. महामार्गाकडे जायला एक वाट येणेगूरकडून आणि दुसरी दाळिंबजवळच्या मुरुम मोडावरून. गावाची नगरपरिषद आहे, माधवराव पाटील महाविद्यालय आहे, परिसरात विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. बाजारपेठेत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच दुकानात, एकाच व्यवहारात कानावर पडतात. एवढं मोठं गाव, पण पुणे–हैदराबाद अशा लांब पल्ल्याच्या गाडीच्या दृष्टीनं तो केवळ एक मोड. गाडी आत वळत नाही. वाहक आवाज देतो, प्रवासी पिशव्या सावरत उतरतो आणि गाडी उमरग्याकडे निघून जाते. मग मोडावर काळी-पिवळी जीप किंवा ॲपे मिळते का ते बघायचं, नाहीतर घरी फोन करून पोराला मोटारसायकल घेऊन बोलवायचं. दिवसा यात फारसं अडत नाही. रात्री नऊनंतर, सोबत लहान मूल आणि दवाखान्यातून आणलेला माणूस असेल तर सोलापूरपासून मोडापर्यंतचा सगळा प्रवास एका पारड्यात आणि हे उरलेले चार-पाच मैल दुसऱ्या पारड्यात अशी परिस्थिती होते.

म्हणून मुरुमच्या स्थानकात आत येऊन लागणाऱ्या साध्या गाडीची किंमत वेगळी आहे. ती जलद नसते, प्रत्येक फाट्यावर थांबते, पण ती दारातून उचलते आणि दारात आणून सोडते.

मुरुमहून सोलापूरकडे निघालेली गाडी येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, अणदूर, इटकळ, बोरामणी अशी एकेक गावं मागे टाकत जाते. रस्त्यानं सुमारे ८० किलोमीटर, साध्या गाडीला दोन तासांच्या आसपास. वाटेतलं नळदुर्ग आज बोरी नदीवरच्या किल्ल्यासाठी आणि त्यातल्या पाणीमहालासाठी ओळखलं जातं. पण निजामाच्या राजवटीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याचं ठाणं इथेच होतं, नंतर ते उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला गेलं. ठाणं नळदुर्गातच राहिलं असतं तर मुरुमच्या माणसाचं सरकारी काम सोलापूरच्या वाटेवरच, निम्म्या अंतरात झालं असतं. आज कचेरीच्या कामासाठी वायव्येला आणि बाजारासाठी पश्चिमेला, अशा दोन वेगळ्या वाटा त्याला धराव्या लागतात.

ही ओढाताण जुनी आहे. १९४८पर्यंत मुरुम हैदराबाद संस्थानात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, मुंबई इलाख्यात. राजधानी पूर्वेला, बाजार पश्चिमेला. मधे संस्थानाची हद्द, हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची नाकी. संस्थानात हाली सिक्का चाले, सोलापुरात कलदार रुपया. एका दिवसाच्या बाजारासाठी माणूस नाणं बदलून जात असे. तरीही बाजार सोलापूरचाच राहिला, कारण १८६०मध्येच जीआयपी रेल्वे सोलापुरात पोचली होती, १८७७मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली होती आणि त्या गिरण्यांभोवती मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या कामगारांचं आणि व्यापाऱ्यांचं शहर वाढत गेलं होतं. मुरुमच्या माणसाला तिथे भाषेची अडचण कधीच नव्हती.

सरकारी बसची सुरुवात मात्र आधी संस्थानात झाली, ही गोष्ट मराठवाड्याबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागानं १९३२च्या जूनमध्ये २७ गाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. हैदराबादच्या सरकारी गाड्यांच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर असे. ते निजामाच्या आईच्या नावावरून, झहरा बेगम यांच्यावरून घेतल्याचं सांगितलं जातं, आणि पुढे आंध्र व तेलंगणाच्या गाड्यांवरही ते अक्षर टिकलं. इकडे मुंबई राज्यात पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला धावली. त्या दिवशी मुरुम अजून दुसऱ्या राज्यात होतं. हैदराबादची मुक्ती १७ सप्टेंबर १९४८ची. पुढे १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला आणि त्यानंतर सध्याच्या नावानं उभ्या राहिलेल्या राज्य परिवहन महामंडळात मराठवाड्याची वाहतूकही सामावली गेली. आज मुरुमच्या गाड्यांचा कारभार धाराशिव विभागातल्या उमरगा आगाराकडून चालतो.

एसटीच्या कारभारात एक जुनी सोय आहे, तिचं नाव मुक्कामी गाडी. संध्याकाळी शहरातून किंवा आगारातून निघालेली शेवटची गाडी गावात येते आणि तिथेच राहते. चालक-वाहक गावात झोपतात. कधी ग्रामपंचायतीची खोली, कधी देवळाचा ओटा, कधी गाडीतलीच बाकं. पहाटे हीच गाडी गावातून पहिली निघते. वाहतुकीच्या भाषेत हे फक्त गाडीचं वेळापत्रक जुळवणं आहे. गावाच्या दृष्टीनं मात्र ती सकाळच्या कामाची हमी असते. दूधवाला, तालुक्याच्या कॉलेजात जाणारी मुलं, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, ‘सिव्हिल’ला केसपेपर काढायला जाणारी बाई हे सगळे त्या एका गाडीवर विसंबून असतात. गाडी गावातच उभी असल्यामुळे ती येईल की नाही ही धाकधूक नसते. महाराष्ट्राच्या खेड्यांतून मुक्कामी गाड्या कमी होत गेल्या, कारण चालक-वाहकांच्या राहण्याची सोय नाही, गाड्या जुन्या, रात्री बिघाड झाला तर दुरुस्ती नाही. या कारणांत खोटं काही नाही. पण मुक्कामी गाडी बंद होते तेव्हा गावाचं शहरातलं सकाळचं काम दुपारवर जातं, आणि शहरातलं दुपारचं काम म्हणजे बहुतेक वेळा उद्याचं काम. डॉक्टरची ओपीडी दुपारी संपते, बँकेचा आणि कचेरीचा साहेब जेवायला उठतो. एक फेरी कमी झाल्यानं बुडालेली मजुरी महामंडळाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

सोलापूरच्या हद्दीत गाडी शिरते ती हैदराबाद रस्त्यावरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीच्या बाजूनं. कांद्याच्या हंगामात इथे ट्रकांच्या रांगा लागतात आणि गाडी अडकते. काही प्रवासी इथेच उतरतात, आडतीकडे काम असलेले. बाकीचे बसून राहतात, कारण त्यांना ‘स्टँड’पर्यंत जायचं असतं.

सोलापूरचं एसटी स्थानक छत्रपती शिवाजी महाराज चौकालगत आहे. जुनी माणसं या चौकाला पांजरापोळ चौक म्हणतात. स्थानकातून बाहेर पडलं की नवी पेठ पायी गाठता येते, रिक्षा करावी लागत नाही. ही गोष्ट सोलापूरकराच्या लक्षातही येणार नाही, इतकी ती त्याच्या सवयीची आहे. मुरुमच्या माणसाचा शेवटचा किलोमीटर मात्र त्यामुळेच फुकट होतो. जिल्ह्याबाहेरून आलेल्या, शहराची फारशी माहिती नसलेल्या माणसाला थेट बाजाराच्या तोंडाशी उतरवणारं स्थानक ही सोलापूरची एक मोठी संपत्ती आहे. तिची किंमत तिथल्या जमिनीच्या भावात मोजली जाऊ नये, असं वाटतं.

बस्त्याचं उदाहरण घेतलं तर हे सगळं एका दिवसात उलगडतं. लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं, नवरीची मावशी-आत्या, एखादी जाणती शेजारीण असे आठ-दहा जण बस्ता बांधायला निघतात. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, धोतरजोडी, आहेराची कापडं, सोबतीला सोलापुरी चादर. चाटी गल्लीतल्या गादीवर बैठक बसते, चहा येतो, ताग्यांचे ढीग उलगडतात, भाव तुटायला दुपार होते. तिथून काही जण मणी-मंगळसूत्रासाठी सराफ कट्ट्यावर, काही जण पूजेच्या सामानासाठी मधल्या मारुतीला. संध्याकाळी गाठोडी बांधून सगळे पुन्हा स्टँडवर. या दिवसभरात एकदाही वाहन बदलावं लागत नाही. सकाळी मुरुमला चढलेली माणसं बाजाराच्या तोंडाशी उतरली आणि तिथूनच परत चढली. हेच स्थानक शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर असतं तर आठ-दहा माणसांना गाठोड्यांसकट जाता-येता तीन-चार रिक्षा कराव्या लागल्या असत्या. मग कुटुंबानं सरळ क्रूझर भाड्यानं केली असती आणि तीच गाडी नवी पेठेच्या अरुंद रस्त्यात पार्किंग शोधत फिरली असती. पेठेतल्या कोंडीचा बराचसा भाग असा, सार्वजनिक वाहन पेठेपर्यंत न पोचल्यानं तयार होतो.

सोलापूर शहराची स्वतःची बस सेवा या गणितात फारशी मदतीला येत नाही. महापालिकेचा परिवहन उपक्रम जुना आहे, एके काळी त्याच्या गाड्या शहरभर आणि आसपासच्या गावांतही दिसत. पुढे केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून नव्या गाड्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच गाड्या चासीला तडे गेल्यानं डेपोत उभ्या राहिल्या आणि प्रकरण वादात अडकलं. रस्त्यावरच्या गाड्या घटत गेल्या तशी जागा सीटवर चालणाऱ्या रिक्षांनी घेतली. सोलापूर २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडलं गेलं. रस्ते, चौक, दिवे यांवर काम झालं. पण स्टँडवरून सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला, ठरावीक वेळानं सुटणारी खात्रीची शहर बस हा नवख्या रुग्णाचा साधा आधार आहे. स्मार्ट शहराच्या यादीत ती पहिल्या ओळीत असायला हवी होती.

स्थानक बाहेर हलवल्यावर काय होतं, हे पाहायला चेन्नईकडे बघावं. तिथलं बाहेरगावच्या गाड्यांचं स्थानक पूर्वी शहराच्या मध्यात, ब्रॉडवे भागात होतं. २००२मध्ये ते कोयंबेडूला नेलं. ३० डिसेंबर २०२३ला त्याहूनही दूर, दक्षिणेला किलांबाक्कम इथे नवं भव्य टर्मिनस सुरू झालं, शहराच्या मध्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर. इमारत मोठी, स्वच्छ, फलाट प्रशस्त. पण मदुराई-तिरुचिरापल्लीकडून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस पहाटे तिथे उतरल्यावर शहरात जायला पुन्हा दुसऱ्या बसच्या रांगेत उभा राहिला. सुरुवातीच्या महिन्यांत तिथे याच शेवटच्या टप्प्यावरून संताप उसळला होता. शहरातली कोंडी कमी झाली असेल, पण तिचा भार गावाकडच्या प्रवाशाच्या खांद्यावर गेला.

पुण्यात हे लहान प्रमाणात घडलं. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. मराठवाड्यातल्या अनेक गावांच्या माणसांना शिवाजीनगर म्हणजे पुणं होतं, उतरलं की महापालिका, कोर्ट, विद्यापीठ, पेठा सगळं हाताशी. तात्पुरती म्हणून झालेली ही सोय वर्षानुवर्षं तशीच राहिली.

मुरुमच्या बाजूनं पाहायचं तर एका शहरानं ही गोष्ट बरीच नीट जमवली आहे, आणि ते शहर पुणे किंवा मुंबई नाही. ते हैदराबाद. मुरुमच्या जुन्या राजधानीत बाहेरगावच्या गाड्या १९३०च्या दशकापासून गौलीगुड्याच्या स्थानकात येत. तिथलं मोठं पत्र्याचं हँगर २०१८च्या जुलैमध्ये कोसळलं. त्याच्या बऱ्याच आधी, १९९४मध्ये, जवळच मूसी नदीच्या पात्रात महात्मा गांधी बस स्थानक उभं राहिलं. लोकांच्या तोंडी ते ‘इमलीबन’. स्थानक मोठं केलं, पण शहराबाहेर नेलं नाही. बेगम बाजार, उस्मानिया रुग्णालय आणि चारमिनारचा परिसर तिथून जवळच. पुढे मेट्रो आली तेव्हा तिच्या दोन मार्गिका याच स्थानकाला लागून एकमेकींना भेटतील अशी आखणी झाली. २०१८मध्ये मियापूर–एल. बी. नगर मार्गावर हे स्थानक जोडलं गेलं, फेब्रुवारी २०२०मध्ये जुबिली बस स्थानकाकडून येणारी दुसरी मार्गिकाही. उमरग्याकडून आलेला माणूस गाडीतून उतरतो आणि त्याच जागेवरून शहराच्या चारी दिशांना जाऊ शकतो.

पुण्याचं चित्रही आता बदलतं आहे आणि त्याचा उपयोग मुरुमच्या माणसाला होऊ लागला आहे. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. मधली दोन स्थानकं कसबा पेठ आणि मंडई. ज्या पेठांत बस वळवणं चालकाला नको व्हायचं, लक्ष्मी रस्त्यावर खरेदीच्या दिवसांत पायी चालणंही कठीण व्हायचं, त्या पेठांच्या पोटात थेट उतरता येऊ लागलं. सोलापूरकडून येणारी एसटी स्वारगेटला येते. तिथून मंडई मेट्रोनं एका स्थानकावर. रेल्वेनं आलं तर पुणे स्टेशनवर वनाज–रामवाडी मार्गाची मेट्रो, पुढे मंगळवार पेठ, मग जिल्हा न्यायालय. तिथे गाडी बदलण्यासाठी जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल उतरायचं आणि मग कसबा, मंडई. पहिल्यांदा जाणाऱ्याला सरकते जिने आणि तिकिटाचं फाटक गोंधळात टाकतात. पण एकदा कळलं की रिक्षावाल्याशी भाव करण्याची गरज उरत नाही. याआधी पीएमपीनं २०२१मध्ये मध्यवस्तीसाठी ‘पुण्यदशम’ नावाच्या छोट्या गाड्या आणल्या होत्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा अशी सोय. पेठांच्या रुंदीला साजेशी ती कल्पना होती, आणि लहान शहरांनी उचलण्यासारखी. सोलापूरच्या नवी पेठेला अशाच गाडीची गरज आहे.

पण मेट्रोपर्यंत पोचायला आधी रेल्वे गाठावी लागते आणि इथे मुरुमचं अंतर पुन्हा आडवं येतं. सोलापूर–पुणे हुतात्मा एक्सप्रेस २००१ पासून धावते. १२ जानेवारी १९३१ला येरवडा तुरुंगात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची ती आठवण. गाडी सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते आणि साडेदहाच्या आसपास पुण्यात पोचते. दिवसाचं काम करून संध्याकाळच्या गाडीनं परतता येतं, म्हणून सोलापूरकरांची ती लाडकी गाडी. मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झाली, तीही सोलापूरहून सहाच्या सुमारास निघते. या दोन्ही वेळा सोलापुरात झोपलेल्या माणसासाठी आहेत. मुरुमहून हुतात्मा गाठायची तर पहाटे चारच्या आत घर सोडावं लागेल, आणि पहाटे चारला एसटीची सोय नसते. मग आदल्या संध्याकाळी येऊन पाहुण्यांकडे मुक्काम, नाहीतर स्टेशनवर. त्यामानानं रात्री साडेदहानंतर सुटणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस खेड्यातल्या माणसाला सोयीची पडते. दिवसा शेतातलं उरकायचं, संध्याकाळच्या एसटीनं सोलापूर, रात्री रेल्वे, सकाळी मुंबई. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून काळबादेवी, गिरगाव किंवा विधान भवन या ठिकाणी जाणंही सोपं झालं आहे. मंत्रालयात कागद घेऊन जाणाऱ्या गावकऱ्याला टॅक्सीचं भाडं पडत नाही.

शहराच्या टोकाला एवढं सगळं घडत असताना गावाच्या टोकाला सगळ्यात मोठा बदल घडवला तो तिकिटाच्या दरानं. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. त्यानंतर साध्या गाड्यांत बायकांची गर्दी वाढली, हे कुठल्याही वाहकाला विचारलं तरी कळतं. पूर्वी दवाखान्यासाठी नवऱ्याच्या सवडीची वाट बघणारी बाई आता शेजारणीला सोबत घेऊन सोलापूर गाठते. २५ जानेवारी २०२५ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, पण सवलत टिकली म्हणून या बायकांचा प्रवास थांबला नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत तिथल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास पूर्ण मोफत आहे. मुरुम आणि आळंद यांच्यात सोयरिकी आहेत, एकाच घरातली एक बहीण इकडे आणि दुसरी तिकडे. दोन्ही राज्यांनी बायकांच्या प्रवासाची जबाबदारी उचलली, ही या भागातली गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणावी लागेल. सीमावादाचा भडका उडाला की मात्र पहिल्यांदा बसच बंद होतात. फेब्रुवारी २०२५मध्ये बेळगाव आणि चित्रदुर्गच्या घटनांनंतर तेच झालं आणि सीमेवरच्या गावांची रोजची माणसं अडकून पडली.

सवलतीनं बाई गाडीत बसली, पण स्थानकात ती सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्याच महिन्यात सगळ्या महाराष्ट्रासमोर उभा राहिला. पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटेच्या वेळी उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. लांबच्या गावांतून येणाऱ्या गाड्या रात्रभर चालून पहाटेच शहरात पोचतात. उजाडेपर्यंत थांबायला नीट उजेड, पहारा, बायकांसाठी बंद खोली आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह, एवढं प्रत्येक मोठ्या स्थानकात असलंच पाहिजे. शहराच्या मध्यावर असलेल्या स्थानकाचा फायदा तिथे थांबता आलं तरच मिळतो.

आणि शेवटी परतीची गाडी. मुरुमहून सोलापूरला निघालेल्या कोणत्याही माणसाचा दिवस सकाळच्या गाडीनं ठरत नाही, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं ठरतो. बस्त्याची बैठक कितीही रंगली तरी कुणीतरी घड्याळाकडे बघत असतो. डॉक्टरनं तपासण्या सांगितल्या आणि रिपोर्ट सात वाजता मिळणार असले तर निम्मी माणसं रिपोर्ट उद्यावर टाकतात, म्हणजे पुन्हा एक फेरी, पुन्हा एक दिवसाची मजुरी. पेठेची दुकानं रात्री नऊपर्यंत उघडी असतात, दवाखाने संध्याकाळी भरतात, पण गावाची थेट गाडी मात्र दिवेलागणीच्या हिशेबानं आखलेली. त्यानंतर हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात, पण त्या मोडावर सोडतात.

एसटीकडे एके काळी अठरा हजारांवर गाड्या होत्या. करोना आणि २०२१-२२चा दीर्घ संप यांच्या काळात ताफा आणखी जुना आणि कमी झाला. त्या संपाच्या महिन्यांत उमरगा परिसरातली सगळी वाहतूक जीपवाल्यांच्या हाती गेली, आणि एसटी परतल्यावरही जीपची सवय पूर्ण सुटली नाही. आता महामंडळानं स्वतःच्या मालकीच्या २,६४० नव्या साध्या गाड्या घेतल्या आहेत आणि विजेवरच्या हजारो गाड्या भाड्यानं घेण्याचा करारही केला. नव्या गाड्या आधी मोठ्या मार्गांवर जातात, हा नेहमीचा अनुभव. त्यातली एक गाडी संध्याकाळी साडेसातनंतर सोलापूरहून थेट मुरुम स्थानकात येऊन मुक्काम करणारी असावी, ही मागणी अवाजवी नाही. पहाटे हीच गाडी सोलापूरला जाईल, म्हणजे एका गाडीत गावाची दोन्ही टोकं सांधली जातील.

यातच सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेचं काम सुरू झालं आहे. सुमारे ८४ किलोमीटरचा हा नवा मार्ग, ज्याची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते जानेवारी २०१९मध्ये सोलापुरात झाली. तो तुळजापूरच्या बाजूनं जाणार, नळदुर्ग–मुरुम पट्ट्यातून नाही. लातूरहून उमरगा, आळंदमार्गे कलबुर्गीला जोडणाऱ्या रेल्वेची मागणी वर्षानुवर्षं कागदावर आहे. म्हणजे धाराशिव-तुळजापूरला रेल्वे आली तरी मुरुमच्या माणसाला स्टेशनपर्यंत एसटीनंच जावं लागणार, तुळजापूरला किंवा सोलापूरला. रूळ टाकले जात असतानाच तुळजापूर स्टेशनच्या दारात एसटीचा फलाट आखला आणि उमरगा आगाराच्या गाड्यांच्या वेळा रेल्वेच्या वेळांशी जुळवल्या, तर मुरुमहून धाराशिवच्या कचेरीत आणि सोलापूरच्या पेठेत जाण्याच्या दोन वेगळ्या वाटा तुळजापुरात एकत्र येऊ शकतात. रेल्वेच्या आराखड्यात स्टेशनची इमारत असते, पुलांची संख्या असते, बोगद्यांची लांबी असते. नळदुर्गकडून येणारी साधी गाडी स्टेशनसमोर कुठे उभी राहणार, ती जागा त्या आराखड्यात आताच राखून ठेवावी लागेल, कारण स्टेशनसमोरची जमीन पुढे मोकळी राहत नाही.